दहा मीटरांच्या आत

पोहताना दोघांमध्ये दहा मीटरांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. जमिनीवरही एकानं दुसऱ्याला टाकून पुढे जायचं नाही. सुरुवातीला जे सामान अंगावर घेतलं, ते शेवटपर्यंत अंगावरच राहिलं पाहिजे. स्वीडनमधल्या ‘ओतिलो’ या शर्यतीचे एवढे नियम नीट समजले, की बाकीची शर्यत आपोआप उलगडत जाते.

‘ओतिलो’ म्हणजे ‘बेटावरून बेटावर’. स्टॉकहोमच्या पूर्वेला बाल्टिक समुद्रात पसरलेल्या द्वीपसमूहात, सांदहाम्नपासून ऊतो बेटापर्यंत, सप्टेंबरच्या सुरुवातीला ही शर्यत होते. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. त्यातलं ६५ च्या आसपास धावायचं आणि दहाच्या आसपास पोहायचं. आकडे वाचून वाटतं, आधी सगळं पोहून घ्यायचं आणि मग धावत सुटायचं. तसं नाही. वाटेत दोन डझन बेटं आहेत. पाण्यातून खडकावर चढायचं, बेट धावत ओलांडायचं आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा पाण्यात शिरायचं. पाण्यात जाणं आणि बाहेर येणं मिळून हे पन्नासच्या आसपास वेळा घडतं. मध्ये कपडे बदलायला जागा नाही, सामान सांभाळायला माणूस नाही. त्यामुळे बूट घालून पोहावं लागतं आणि पोहण्याचा रबरी पोशाख अंगावर ठेवून धावावं लागतं. निष्णात जोड्या आठ तासांच्या आसपास ऊतोला पोचतात. बाकीच्यांचा पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस जातो. या प्रकाराला आता ‘स्विमरन’ असं नाव पडलं आहे.

दमसासाच्या बहुतेक शर्यती एकट्याच्या असतात. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन हे सगळं एका माणसानं स्वतःच्या बळावर करायचं, हा तिचा गाभा आहे. तिथे बाहेरच्या कुणाचा आधार घेतला तर तो नियमभंग ठरतो. ओतिलोत मात्र जोडीदाराचा आधार घेणं ही शर्यतीतली मुख्य विद्या आहे. मला ही शर्यत अभ्यासण्याजोगी वाटते ती यामुळेच. दोन शरीरांची ताकद एकत्र कशी करायची, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

जोडी आली कुठून? तर एका पैजेतून. २००२ मध्ये ऊतो बेटावरच्या जुन्या सराईत अँडर्स माल्म, यान लिंडबर्ग, येस्पर अँडरसन आणि मॅट्स अँडरसन हे चौघं रात्री बोलत बसले होते. बोलण्याच्या भरात ठरलं, की इथून सांदहाम्नपर्यंत पोहत-धावत जायचं, दोघांविरुद्ध दोघं. वाटेतली तीन उपाहारगृहं दोन्ही जोड्यांनी गाठायची. पुढची जोडी तिथे जे मागवून ठेवील, ते मागून येणाऱ्यांनी प्यायचं आणि पैसेही त्यांनीच भरायचे. सांदहाम्नला जी जोडी नंतर पोचेल, तिनं राहण्याजेवण्याचा सगळा खर्च करायचा. चौघं पोचले, पण चोवीस तासांहून जास्त वेळ लागला आणि अंगात काही उरलं नव्हतं, त्यामुळे ती मेजवानी झालीच नाही. पुढल्या वर्षी त्यांनी ते पुन्हा केलं. मग मिकाएल लेमेल आणि मॅट्स स्कॉट या दोघांनी २००६ मध्ये त्या पैजेची रीतसर शर्यत केली. पहिल्या वर्षी ठरलेल्या वेळेत पोचलेल्या जोड्या होत्या फक्त दोन. पुढे मार्गाची दिशा उलटली आणि ऊतोला सुरुवातीऐवजी शेवट आला. जोडीची अट मात्र राहिली. पैजेत ती गमतीपोटी आली होती. शर्यतीत ती सुरक्षेपोटी टिकली.

ती सुरक्षेची बाब समजायला आधी ही जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. या द्वीपसमूहात लहानमोठी सुमारे तीस हजार बेटं आणि खडक आहेत. हिमयुगात या भूभागावर बर्फाचा जाड थर होता आणि तो साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत होता. सरकताना त्यानं खडकांची उत्तरेकडची बाजू घासून गुळगुळीत केली आणि दक्षिणेकडच्या बाजूचे तुकडे उपटून नेले. म्हणून इथल्या अनेक खडकांची पाठ एका बाजूला म्हशीच्या पाठीसारखी उतरती आणि तुळतुळीत, तर दुसऱ्या बाजूला तुटलेली असते. सांदहाम्नहून ऊतोकडे जाणारी जोडी दक्षिणेकडे जात असते. पाण्यातून वर येताना तिला बऱ्याचदा घासलेली, शेवाळानं माखलेली बाजू मिळते आणि पाण्यात उतरताना फुटक्या दगडांची. बर्फ गेला तशी वरची दाबणूक गेली आणि जमीन वर येऊ लागली. ती अजून येते आहे, वर्षाला चार-पाच मिलिमीटर. काही पिढ्यांपूर्वी जिथून होडी जायची, तिथून आज पायी जाता येतं.

बेटांवर घरं आहेत, खासगी जमिनी आहेत. तरी त्यांतून शेकडो माणसं धावत जाऊ शकतात, याला स्वीडनची एक जुनी रीत कारणीभूत आहे. रानात, किनाऱ्यावर, दुसऱ्याच्या मालकीच्या मोकळ्या जमिनीतूनही कुणीही चालत जावं. फक्त नुकसान करू नये आणि घराच्या अंगणात शिरू नये. १९९४ मध्ये हा हक्क तिथल्या राज्यघटनेतही नोंदला गेला.

आता पाणी. मालवण किंवा मिरामारच्या समुद्रात पोहलेल्या माणसाला बाल्टिकचं पाणी दोन बाबतींत चकवतं. अरबी समुद्रात लिटरमागे ३५-३६ ग्रॅम मीठ असतं, तर स्टॉकहोमच्या बाजूला जेमतेम सहा-सात. एवढ्या अळणी पाण्यात शरीर कमी तरंगतं. आणि तापमान! आपल्याकडे २७-२८ अंशांचं पाणी अंगाला लागतसुद्धा नाही. तिथे सप्टेंबरात ते १० ते १६ अंशांदरम्यान कुठेही असू शकतं आणि एकाच दिवसात बेटागणिक बदलतं. आडोशाच्या खाडीत बरं वाटतं, उघड्या समुद्राच्या बाजूला हाडं गोठतात. शर्यतीच्या उत्तरार्धात सुमारे १,४०० मीटरांचा एक टप्पा आहे, त्याला ‘डुकराचं पोहणं’ असंच नाव पडलं आहे. लाटा, ओढ आणि गारठा तिघंही तिथे एकदम भेटतात.

म्हणून अंगावर रबरी पोशाख हवाच. धावता यावं यासाठी तो गुडघ्याच्या वर कापलेला असतो आणि त्याची चेन पुढून असते. ओर्नो बेटावर वीसेक किलोमीटर धावायचं असतं, तेव्हा चेन उघडून वरचा भाग कमरेपर्यंत खाली ओढतात. नाहीतर अंगातली वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही. पाण्यानं जड झालेले बूट पाय खाली ओढतात, म्हणून मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा असतो. तो एका मांडीला बांधलेला असतो. धावताना बाहेरच्या अंगाला फिरवायचा, पाण्यात शिरताना आत. पाय तरंगू लागले की ते मारावे लागत नाहीत आणि पुढच्या बेटासाठी ताजे राहतात. पायांचं काम हात करतात, म्हणून पंजाला प्लास्टिकच्या थाप्या. प्रत्येकाजवळ शिट्टी, संघाजवळ जखमेवर बांधायची दाबपट्टी. या यादीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र ऐच्छिक आहे: कमरेला अडकवायची, दोघांना जोडणारी दोरी.

दोरी कशाला, हे एका हिशेबानं पटकन कळतं. एक जोडी मनानं उभी करू. ती धावण्यात तरबेज, किलोमीटरला साडेपाच मिनिटं. त्याला सहा लागतात. पाण्यात उलट आहे: तो शंभर मीटर एक मिनिट पन्नास सेकंदांत कापतो, तिला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. ६५ किलोमीटर धावणं आणि दहा किलोमीटर पोहणं धरलं, तर ती एकटी ९ तास ३४ मिनिटांत पोचेल आणि तो एकटा ९ तास ३३ मिनिटांत. म्हणजे दोघं तोडीस तोड. पण दोघं एकत्र निघाली आणि एकमेकांसाठी फक्त थांबत राहिली, तर जमिनीवर त्याचा वेग चालेल आणि पाण्यात तिचा. बेरीज होते १० तास ७ मिनिटं. दोघांपैकी कुणालाही एकट्यानं लागला असता त्याहून अर्धा तास जास्त!

एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी माणसं जोडीला उत्तम असतात, असं आपण सहज म्हणतो. इथे तसं होत नाही. एकाचं बळ दुसऱ्यापर्यंत पोचवायची सोय नसेल, तर प्रत्येक क्षणी जो कच्चा आहे, त्याच्याच वेगानं जोडी चालते. म्हणून शर्यतीत उतरणाऱ्यांचं बरंचसं डोकं एकाच गोष्टीत खर्च होतं: या अर्ध्या तासातला किती परत मिळवता येईल.

ही विद्या आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. जुवाला एक बैल दांडगा आणि एक हलका असला, तर नाडा जुवाच्या बरोबर मधोमध बांधत नाहीत. दांडग्या बैलाकडे थोडा सरकवतात. हलक्या बैलाच्या बाजूचा दांडा लांब होतो, त्याच्या खांद्यावर ओढ कमी येते आणि दोघं एका ओळीत चालतात. तरफेचा साधा नियम आहे. स्विमरनमधली दोरी तेच करते, फक्त तिथे नाडा दर अर्ध्या तासाला एका बाजूकडून दुसरीकडे सरकवावा लागतो. हिशेबातल्या जोडीत चढावर ती धावणारी पुढे होते आणि दोरी ताणते. त्याचं सगळं वजन ती ओढत नसते, पण सतत थोडी ओढ मिळाली की त्याच्या पायांवरचा भार हलका होतो. पाण्यात तो पुढे जातो.

ही दोरी लवचीक असते, त्यालाही कारण आहे. पोहणाऱ्याचा वेग एकसारखा नसतो. प्रत्येक हातामागे तो वाढतो आणि लगेच पडतो. साध्या सुती दोरीनं बांधलं तर प्रत्येक हाताला मागच्याला हिसका बसेल आणि पुढच्याची लय मोडेल. ताणणारी दोरी तो हिसका गिळते. धावताना तिचा दुसरा फायदा असा, की दोघांत काय चाललं आहे ते न बोलता कळतं. दोरी सैल पडली म्हणजे पुढच्याचा वेग कमी झाला. फार ताणली म्हणजे मागचा संपत आला. खडकाळ जागी मात्र ती सोडावी लागते, कारण एकाचा पाय घसरला तर दुसराही आडवा होतो. कुठे जोडायची आणि कुठे सोडायची, हे आधी सराव करून ठरवलेलं नसेल तर तिचा त्रासच जास्त होतो.

पाण्यात दोरीशिवायही बळ पोचवता येतं. पुढच्या पोहणाऱ्याच्या मागे पाण्याचा एक पट्टा त्याच्याबरोबर ओढला जात असतो. त्याच्या पावलांमागे अर्ध्या मीटरच्या आत राहिलं, तर मागच्याला जाणवणारा पाण्याचा विरोध पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होतो, असं मोजमापांतून दिसलं आहे. नवखे लोक आदरानं दोन-तीन मीटर अंतर ठेवतात आणि तो फायदा घालवतात. बोटं पुढच्याच्या बुटाला अधूनमधून लागली पाहिजेत, इतकं जवळ राहावं लागतं.

आणि मागच्यानं समोर बघायचं नसतं. हे ऐकायला सोपं आहे, पण करायला फार अवघड. पोहणाऱ्याचे डोळे पाण्यावर फार तर दहा सेंटीमीटर येतात. एवढ्या उंचीवरून क्षितिज असतं जेमतेम १.१ किलोमीटरवर. सांदहाम्नहून निघाल्यावरचा पहिलाच पोहण्याचा टप्पा मोठा, अर्ध्या कोसाहून जास्त, १,७०० मीटरांच्या पुढचा. सकाळी सहाचा प्रारंभ. सूर्य नुकता वर येत असतो. पलीकडच्या बेटाची पाण्यालगतची रेघ सुरुवातीला दिसतच नाही, दिसतो तो फक्त झाडांचा काळा शेंडा किंवा मिणमिणता दिवा. पुढच्यानं डोकं वर काढून काढून दिशा धरायची. डोकं वर आलं की पाय खाली जातात, वेग पडतो, मान भरून येते. तेवढे कष्ट एकानं करायचे आणि दुसऱ्यानं त्याच्या पावलांवर नजर ठेवून पूर्ण विश्वासानं मागे जायचं. मागचाही चार हातांनंतर खात्री करायला डोकं काढू लागला, तर दोघंही दमतात आणि जोडीचा उपयोग उरत नाही.

आता सुरक्षेचा मुद्दा, ज्यासाठी दहा मीटरांची अट आहे. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं वाहून नेतं. गारठा लागला की शरीर आधी हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं, आतले अवयव उबदार ठेवायला. बोटं बधिर होतात. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की मेंदूही मंदावतो, आणि सगळा धोका इथे आहे: ज्याला हे होतं, त्याला ते कळत नाही. उलट आपण ठीक आहोत, असंच तो सांगतो. बाहेरून मात्र खुणा स्पष्ट असतात. जीभ अडखळते, हात अडखळतात, पाय अडखळतात. पाण्यातून बाहेर आल्यावरही काही मिनिटं आतलं तापमान घसरतच राहतं, कारण गार पडलेल्या हातापायांतलं रक्त आता परत फिरू लागतं. किनाऱ्यावर पोचलो म्हणजे सुटलो, हा समज त्यामुळे घातक ठरतो.

अशा वेळी हातावरचं घड्याळ काही सांगत नाही. जोडीदार सांगतो. म्हणून जुन्या जोड्या प्रत्येक बेटावर एकमेकांना प्रश्न विचारतात आणि ‘बरा आहेस का?’ असा प्रश्न टाळतात, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘पुढचं पोहणं किती मीटरांचं?’ असं विचारतात. उत्तर चुकलं, उशिरा आलं किंवा शब्द चिकटले, तर थांबायचं, खायला घालायचं, गरज पडली तर शर्यत सोडायची. एकानं सोडली की दुसऱ्याचीही संपते. महिनोन्‌महिने तयारी केलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नसतं, आणि म्हणून हा निर्णय कुणाच्या हातात राहील ते घरून निघण्याआधीच ठरवून ठेवावं, असं मला ठामपणे वाटतं. ज्याला गारठा लागला आहे, त्याच्या हातात तो ठेवू नये.

खाण्याचंही तसंच. शरीरात साखरेचा साठा साधारण चार-पाचशे ग्रॅम असतो. दहा तासांच्या श्रमाला तो पुरत नाही. तासाला साठेक ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात, आणि तेही बेटावरच, कारण पाण्यात खाता येत नाही. बधिर बोटांनी पाकीट फुटत नाही, मग दुसरा दातांनी फोडून देतो. हा साठा संपत आला की माणूस आधी गप्प होतो किंवा चिडचिडा होतो. जोडीदार विनाकारण खेकसला, तर वाद न घालता त्याच्या तोंडात काहीतरी घालावं.

जोडीनं दमसासाची शर्यत करण्याचा दुसरा मार्गही आहे आणि त्यात मराठी माणसांनी मोठं काम केलं आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात, नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. तिथे जोडीचं गणित वेगळं असतं: एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. गोव्यात मिरामारला २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मध्येही १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं वाटून घेऊन संघानं उतरता येतं. वाटणीच्या शर्यतीत प्रत्येकानं आपला उत्तम भाग द्यायचा असतो, कच्चा भाग झाकून राहतो. ओतिलोत काहीच वाटता येत नाही. धावणारीलाही पोहावं लागतं आणि पोहणाऱ्यालाही ओर्नोचे वीस किलोमीटर पायांखाली घालावे लागतात.

स्विमरन आता स्वीडनबाहेरही गेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या एंगादिन खोऱ्यात, १,८०० मीटर उंचीवरच्या सरोवरांमधून २०१४ पासून ते होऊ लागलं. आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. २८ अंशांच्या पाण्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात रबरी पोशाख घालून धावलं, तर गारठ्याऐवजी उष्माघात होईल. पण जोडीचा सराव मात्र कुठेही होतो. तलावाच्या एकाच लेनमध्ये शेजारी शेजारी पोहणं, पावलांमागे राहणं, दोरी बांधून टेकडी चढणं, आणि दमल्यावर ‘मी आता मागे पडतोय’ हे चार पावलं आधी सांगण्याची सवय. यातलं शेवटचं सगळ्यांत उशिरा जमतं. बहुतेक माणसं पूर्ण रिकामी होईपर्यंत गप्प राहतात, आणि तोवर दोरीनं ओढून काही उपयोग नसतो.

शेवटचं पोहणं झालं की ऊतोवर काही किलोमीटर धावायचं राहतं. पायांत तेच ओले बूट, मांडीला तोच ठोकळा, पंजांवर थाप्या. चढाच्या टोकाला ती सराई दिसते, जिथे २००२ मध्ये पैज लागली होती. इथे काही जोड्या पुन्हा दोरी जोडतात, उरलेल्या चढासाठी. पहिल्यानं रेषा ओलांडली तरी संघाचं घड्याळ चालूच असतं. दुसऱ्याचं पाऊल पडल्यावरच ते थांबतं.